ओढायचा डिझेल ट्रक घेतोय: मॅन्युअल गिअरबॉक्स कुठला भरवशाचा?

चढउतार

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

मला एक छोटा एक्स्कॅव्हेटर इकडून तिकडे न्यायचा असतो. मशीन साडेतीन टन, ट्रेलर आणि बकेट-बिकेट धरून पाच टनांच्या आसपास जातं. महिन्यातून चार-पाच खेपा, वाटेत एक लांबलचक चढ आणि शेवटी कच्च्या रस्त्यावर उलटं घालणं. ट्रक डिझेल हवा आणि गिअर हाताने टाकायचे हवेत, यावर वाद नको. तो घरी घालून झालाय.

अडचण अशी की नवा मिळत नाही. मोठ्या अमेरिकन पिकअपमधला मॅन्युअल जीएमने २००६ नंतर, फोर्डने २०१० नंतर बंद केला. रॅमचा २०१८ पर्यंत टिकला, मग तोही संपला. म्हणजे जुनाच घ्यायचा. नावं चार समोर आहेत: एनव्ही ४५००, एनव्ही ५६००, जी ५६ आणि झेडएफचा सहा गिअरवाला. प्रत्येकाबद्दल "मरत नाही" आणि "हात लावू नकोस" ही दोन्ही मतं ऐकली, बहुतेकदा एकाच माणसाकडून.

आधीच्या गाडीचा क्लच मी स्वतःच्या पायाने जाळला. कसा ते विचारू नका.

हाफक्लच

कसा?

निवांत

शीर्षक वाचून मला वाटलं नो पार्किंगमधल्या गाड्या उचलणारा ट्रक घेताय. म्हटलं आता यांच्यापासून जपून राहायला हवं.

बिडाचा बॉक्स

चढउतार, प्रश्न चांगला आहे पण उलट्या बाजूने विचारलाय. आधी बॉक्स ठरवून मग ट्रक शोधू नका. ओझं कुठल्या गिअरात ओढणार ते आधी ठरवा.

सांगतो. या सगळ्या बॉक्सांत एक गिअर १:१ असतो, म्हणजे इंजिनाचे जेवढे फेरे तेवढेच बॉक्समधून बाहेर. त्याला डायरेक्ट म्हणतात. एनव्ही ४५०० मध्ये तो चौथा, बाकी तिघांत पाचवा. बाकी कुठल्याही गिअरात ताकद इनपुट शाफ्टवरून (इंजिनकडून येणारा दांडा) खाली काउंटरशाफ्टवर जाते आणि तिथून वर मेनशाफ्टवर (चाकांकडे जाणारा) येते. म्हणजे दातांच्या दोन जोड्यांतून जाते. दात एकमेकांना रेटतात, शाफ्ट एकमेकांपासून दूर ढकलले जातात, तो भार बेअरिंगवर येतो आणि त्याची उष्णता तेलात उतरते. डायरेक्टमध्ये इनपुट आणि मेनशाफ्ट सरळ एकमेकांत अडकतात. काउंटरशाफ्ट फिरतो, पण रिकामा. बॉक्सला सगळ्यात कमी त्रास याच गिअरात.

त्याच्या वरचा ओव्हरड्राइव्ह. तो मुळात डिझेल वाचवायला दिलेला. लोक पाच टन मागे लावून त्यातच चढ चढतात आणि मग म्हणतात बॉक्स कच्चा निघाला.

म्हणून माझं पहिलं मत: ओझं असताना डायरेक्टमध्ये आरामात पळेल असा डिफरन्शिअलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला बॉक्समधून येणारे फेरे किती) असलेला ट्रक बघा. बॉक्सवर कुठलं नाव कोरलंय ते नंतर बघू.

चढउतार

काका, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. मी आपला नट-बोल्टांच्या मजबुतीवर अडकलो होतो. पण डायरेक्टमध्ये पळवलं तर इंजिन फार ओरडणार नाही का?

गणिती

आकडे मी देतो, चहा होईपर्यंत वेळ आहे.

टायर ८० सेंटिमीटर व्यासाचा धरा. म्हणजे घेर साधारण २.५१ मीटर. ताशी ९० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ५९७ फेरे घेतं. १९९४ ते २००२ च्या डॉज रॅममध्ये मुख्यतः दोन रेशो भेटतात, ३.५४ आणि ४.१०.

डायरेक्टमध्ये, ९० च्या वेगाला: ३.५४ वर इंजिन साधारण २११५ फेऱ्यांवर, ४.१० वर २४५० वर.
ओव्हरड्राइव्हमध्ये (०.७५ धरला): ३.५४ वर १५८५, ४.१० वर १८३५.

या डॉजमधल्या जुन्या १२ व्हॉल्व्ह कमिन्स इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क (पिळण्याची ताकद) १६०० च्या आसपास येतो. म्हणजे ३.५४ आणि ओव्हरड्राइव्ह या जोडीत सपाटीलाच तुम्ही अगदी काठावर बसलेले असता. जरा चढ लागला, वेग ८० वर आला की इंजिन १४०० वर. तिथून ते उठत नाही, नुसतं घुसमटतं.

४.१० ला डायरेक्टमध्ये ९० म्हणजे या इंजिनाच्या मानाने वरच्या अंगाला. पण ओझं घेऊन ८० ने चालवलंत तर २१७५. माझ्या मते ओढण्यासाठी ही जागा उत्तम.

हाफक्लच

गणितीभाऊ, ४.१० वाल्याला रिकाम्या ट्रकचं डिझेलही तुम्हीच भरून द्या.

गणिती

खेपा चार-पाच आहेत, बाकी दिवस तो घरीच उभा राहणार. रोज कामावर न्यायचा असता तर मी ३.५४ म्हटलं असतं.

आणि एक राहिलं. काकांनी डायरेक्टचं सांगितलं, पण चढावर त्याच्या खालच्या गिअरशी किती अंतर आहे हेही तितकंच महत्त्वाचं. एनव्ही ४५०० चे रेशो असे: ५.६१, ३.०४, १.६७, १.००, ०.७५. एनव्ही ५६०० चे: ५.६३, ३.३८, २.०४, १.३९, १.००, ०.७३. पहिला आणि शेवटचा जवळपास सारखेच. फरक सगळा मध्ये आहे.

४५०० मध्ये तिसऱ्यात २४०० पर्यंत नेलं आणि चौथा टाकला की इंजिन थेट १४३७ वर पडतं. टॉर्कच्या शिखराच्या खाली. ५६०० मध्ये १.३९ वरून १.०० ला गेलात तर १७२७ वर थांबतं. चढावर हा ३०० फेऱ्यांचा फरक म्हणजे गिअर धरला की नाही धरला, एवढा मोठा. ३.५४ च्या ट्रकमध्ये ४५०० वाला तिसऱ्यात ताशी ६१ वर अडकून राहतो, ५६०० वाला चौथ्यात ७३ ने निघून जातो. मागे लागलेल्या गाड्यांचे हॉर्न मोजले तर फरक आणखी कळेल.

तेलाचा डबा

५६०० ची आरती ओवाळण्याआधी त्याचे सुटे भाग शोधून बघा. न्यू व्हेंचर गिअर, म्हणजे नावातलं एनव्ही, ही कंपनीच राहिलेली नाही. ४५०० जीएममध्येही होता आणि डॉजमध्येही, भरपूर बनला, म्हणून त्याचे भाग अजून सहज मिळतात. ५६०० डॉजमध्ये साधारण १९९९ ते २००५ एवढाच. आतले काही भाग मिळेनासे झालेत, मिळतात ते महाग.

ताकदीत मात्र तो खरंच मोठा. २००१ ला जास्त ताकदीचं कमिन्स आलं, २४५ अश्वशक्ती आणि ५०५ पाउंड-फूट, तेव्हा कंपनीने ते फक्त या सहा गिअरवाल्यासोबतच दिलं. ४५०० ची कंपनीने सांगितलेली मर्यादा ४६० पाउंड-फूट. १९९६ ते ९८ चं मॅन्युअलवालं १२ व्हॉल्व्ह ४४० देत होतं, म्हणजे फार हातचं न राखता. त्या इंजिनाचा डिझेल पंप कोणी "थोडासा" वाढवला असेल तर ती मर्यादा कधीच ओलांडलेली असते. विकणारा सांगेलच असं नाही.

रातपाळी

५६०० चं वजनही सांगा की! ४५०० भरतो ८८ किलोच्या आसपास, हा जवळपास दुप्पट, १६५ किलो. दोघेही बिडाचे. मी एकदा ५६०० क्लचसाठी खाली घेतला. साधा जॅक, वर लाकडाची फळी, पट्टा नाही, कारण "दोन मिनिटांचं काम". इनपुट शाफ्ट क्लचप्लेटच्या दातांतून अर्धा बाहेर आला आणि बॉक्स मागच्या बाजूला झुकला. सगळं वजन त्या शाफ्टच्या टोकावर आणि प्लेटच्या मधल्या तुकड्यावर. मी खाली पाठीवर झोपलेलो, हातात पाना, आणि डोळ्यांसमोर बॉक्सची कड इंचाइंचाने खाली येतेय. सरकून बाहेर पडलो. प्लेट वाकडी झाली ती झालीच. तेव्हापासून ट्रान्समिशन जॅक आणि दोन पट्टे असल्याशिवाय मी त्याच्या खाली जात नाही.

बिडाचा बॉक्स

आता ४५०० च्या पाचव्या गिअरबद्दल, कारण कोणीतरी काढणारच.

डॉजच्या ४५०० मध्ये पाचवा गिअर मेनशाफ्टच्या मागच्या टोकाला आहे आणि त्याला एक मोठा नट धरून ठेवतो. तो नट ढिला होतो, गिअर शाफ्टवरून मागे सरकतो आणि एक दिवस पाचवा टाकला तरी गाडी न्यूट्रलमध्ये असल्यासारखी वागते. बाकी गिअर चालू. हे जगजाहीर आहे.

पण नट ढिला का होतो? सहा सिलिंडरचं इंजिन एका फेरीत तीन धक्के देतं. १२०० फेऱ्यांवर सेकंदाला ६० धक्के, आणि प्रत्येक धक्का वेगळा, जोरकस. ओव्हरड्राइव्हमध्ये पाय खाली दाबून १२०० ला ओढत राहिलात तर शाफ्ट तेवढ्या वेळा पिळतो आणि सुटतो. कुठलाही नट ते किती दिवस सोसणार? २००० च्या वर धक्के जवळजवळ येतात, फ्लायव्हील ते गिळतं.

उपायही आहेत. लॉक होणारा वेगळा नट मिळतो, शेवटपर्यंत दाते कापलेला मेनशाफ्टही मिळतो. पण सवय नाही बदलली तर तेही वाया.

चढउतार

म्हणजे जी ५६ आणि झेडएफचं काय? त्यांना असा काही शाप नाही?

तेलाचा डबा

शाप सगळ्यांना आहे, नाव वेगळं.

जी ५६ मर्सिडीजच्या घरचा, २००५ पासून रॅममध्ये. हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, अॅल्युमिनियमचं, गिअर टाकायला हलका, सुरुवातीच्या वर्षांत पहिला ६.२९ म्हणजे सुटायला झकास. ३.७३ च्या डिफसोबत एकूण २३.५ पट. पण अॅल्युमिनियम तापलं की बिडापेक्षा जास्त फुगतं, आणि शाफ्टला जागेवर धरणाऱ्या बेअरिंगच्या बैठका त्याच हाउसिंगमध्ये. तापलेला असताना जोर लावत राहिलात तर त्या बैठका खाल्ल्या जातात. कंपनीलाही अंदाज असावा: २०१८ मध्ये ऑटोमॅटिकसोबत तेच इंजिन ९३० पाउंड-फूटपर्यंत दिलं, मॅन्युअलसोबत ६६० वर थांबवलं. त्यामुळे "एकच इंजिन आहे, मॅन्युअलवालाही तेवढंच ओढेल" असं धरू नका. दाराच्या खांबावरचं लेबल आणि त्या वर्षाचा ओढण्याच्या क्षमतेचा तक्ता मॅन्युअलसाठी वेगळा बघा.

झेडएफचा सहा गिअरवाला फोर्डमध्ये १९९९ पासून, जीएमच्या ड्युरामॅक्स डिझेल इंजिनामागे २००१ ते २००६. हाही अॅल्युमिनियमचा. पहिला ५.७९, वरचा ०.७२. मला विचाराल तर सगळ्यात कमी कटकटीचा हाच, पण त्याच्याबद्दल कोणी गोष्टी सांगत नाही म्हणून तो मागे पडतो.

हाफक्लच

ड्युअल मास फ्लायव्हीलचं बोला. अर्धे लोक बॉक्सला शिव्या घालतात आणि दोष असतो त्याचा.

फ्लायव्हीलचे दोन भाग, मध्ये स्प्रिंग. काकांनी सांगितलेले ते धक्के बॉक्सपर्यंत पोचू नयेत म्हणून. ओझ्याने आणि उष्णतेने त्या स्प्रिंगा थकतात, मग बंद करताना धाडकन आवाज, सुटताना थरथर. लोक ते काढून एकसंध फ्लायव्हील टाकतात. टिकतं जास्त, पण न्यूट्रलला उभे असाल तेव्हा बॉक्समधून डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखड येते. क्लच दाबला की बंद. तो बिघाड नाही, गिअरच्या दातांमधली मोकळीक आहे, ती आता ऐकू येतेय इतकंच. हे आधीच कळलेलं बरं, नाहीतर चांगला बॉक्स उघडून बसाल.

आणि चढउतार, क्लच कसा जाळलात ते अजून सांगितलं नाहीत.

चढउतार

बरं. ट्रेलर उलटा चढावर घालत होतो. दोनदा कोन चुकला. तिसऱ्यांदा अर्ध्या क्लचवर धरून मागे बघत राहिलो, ब्रेकवर पायच नाही. आधी जळक्या केसांसारखा वास, मग बोनेटच्या फटीतून धूर, मग इंजिन जोरात आणि गाडी जागेवर. प्लेट बाहेर काढली तेव्हा रिव्हेटची डोकी घासून सपाट झाली होती आणि फ्लायव्हीलवर निळे डाग. पूर्ण चूक माझी.

बिडाचा बॉक्स

हे लिहिलंत ते फार उपयोगाचं झालं, कारण तुमच्या कामातला सगळ्यात अवघड भाग चढ नाही, शेवटची ती वीस मीटर आहेत. फोर बाय फोर घ्या. उलटं घालताना ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा वेगळा बॉक्स) लो मध्ये टाका. रेशो साधारण २.७ पटीने खाली येतो, क्लच पूर्ण सोडूनही ट्रक माणसाच्या चालीने मागे जातो. म्हणजे क्लच घासायचं कारणच उरत नाही. कच्च्या रस्त्यावर चालेल. कोरड्या डांबरावर लो मध्ये वळू मात्र नका, पुढची-मागची चाकं वेगळं अंतर कापतात आणि सगळी पीळ शाफ्टांत साठते.

निवांत

तेल कुठलं घालायचं यावर अजून भांडण कसं झालं नाही? प्रकृती बरी आहे ना सगळ्यांची?

तेलाचा डबा

मी वाटच बघत होतो.

या बॉक्सांना एकच तेल चालत नाही. ४५०० ला सिंथेटिक ७५डब्ल्यू-८५ किंवा ७५डब्ल्यू-९०, पण जीएल-४ दर्जाचं. डिफरन्शिअलमधलं उरलेलं जीएल-५ ओतू नका. त्यातली सल्फर-फॉस्फरसची रसायनं पितळी सिंक्रो रिंगा (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या) खाऊ शकतात, शिवाय ते इतकं निसरडं की रिंगेला गिअरचा वेग पकडताच येत नाही. सिंक्रोचं काम घर्षणानेच चालतं, हे लोक विसरतात. जी ५६ ला कंपनीने ऑटोमॅटिकचं पातळ एटीएफ दिलं. ५६०० लाही पातळ, सिंक्रोमेश जातीचं लागतं.

आणि ओढणाऱ्याने पुस्तकातल्या अंतराच्या निम्म्यावर तेल बदलावं. स्वस्तात यापेक्षा मोठं काही करता येत नाही.

रातपाळी

बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असू दे, आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी जा. थंड असताना दुसरा गिअर खरखरतो का बघा. न्यूट्रलला, पाय क्लचवरून काढून, कान लावा: घूं असा आवाज असेल आणि क्लच दाबल्यावर गेला तर इनपुट बेअरिंग (वर हाफक्लचने सांगितलेली खडखड वेगळी). उलटं, दाबल्यावरच आवाज आला तर रिलीज बेअरिंग, ते परवडलं. मग प्रत्येक गिअरात जोर देऊन पाय एकदम सोडा. कांडी उडून न्यूट्रलला आली तर बोलणं थांबवा, घरी या.

आणि विकणाऱ्याने परवानगी दिली तर तेल थोडं काढून बघा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी मलम असणारच. नखाने दाबून बघा, टोचलं तर ती लोखंडाची कपची.

चढउतार

दहा दिवसांनी परत आलो. दोन ट्रक बघितले.

पहिला ५६०० वाला, ३.५४, रंग छान, आतून स्वच्छ. मी मनातून घेतलाच होता. थंड असताना दुसरा जरा अडखळला, मालक म्हणाला सवयीने होईल. तेल काढू दिलं, हे त्याचं मोठेपण. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या झाकणात कपभर घेतलं आणि उन्हात धरलं. वाकडं केलं की तेलात सोनेरी चमचम फिरत होती, अगदी रांगोळीत मिसळतात तशी. रातपाळी, तुम्ही लोखंडाचं सांगितलं होतं, हे पितळ. सिंक्रो. ज्याचे भाग मिळत नाहीत त्याच बॉक्सच्या.

दुसरा १९९७ चा, १२ व्हॉल्व्ह, ४५००, ४.१०, फोर बाय फोर. दारं गंजलेली, सीट फाटकी. तेल काळपट पण साफ, चुंबकावर मलम, टोचलं नाही. पाचवा गिअर लागतो, पण जोर देऊन सोडला की कांडी अर्धा इंच मागे-पुढे होते. उडत नाही. बाकी चार खणखणीत. मालक म्हणाला पंपाला कोणी हात लावलेला नाही, आणि त्याची सीलं शाबूत दिसली.

मी दुसरा घेतला.

गणिती

४.१० ला चौथ्यात ८० ने जा. २१७५.

चढउतार

चिठ्ठी डॅशबोर्डवर चिकटवली आहे.

बिडाचा बॉक्स

कांडी हलते म्हणालात, ती शिफ्टिंग फोर्कच्या (आत गिअर सरकवणारा काटा) झिजेमुळेही हलू शकते. पण नट बघितल्याशिवाय ओझं लावू नका. ट्रान्सफर केस आणि बॉक्सला ती जोडणारं अॅडॉप्टर काढलं की पाचवा समोरच दिसतो, अख्खा बॉक्स खाली घ्यायला नको. नट हाताने फिरला तर गिअर काढून शाफ्टचे दाते बघा. कडा धारदार असतील तर नवा लॉकनट पुरेल, गोल झाल्या असतील तर मेनशाफ्ट.

रातपाळी

आणि ट्रान्सफर केसला पट्टा लावा.

चढउतार

काका, शनिवारी उघडला. नट हाताने नाही, पण पान्याला हलका हात लावला आणि पाव फेरा फिरला. दात्यांच्या कडा नखाला लागतात, म्हणजे धारदार असाव्यात. फोटो टाकतो, मोबाईलला आधी हातांचं तेल पुसतो.

हाफक्लच

टाका लवकर, आम्ही इथे हाफ क्लचवर थांबलोय.